कैरो ग्राफिक्स लायब्ररी: तिला पैसे हवेत, माणसं हवीत, की आता निरोप?

रेषाकार
लिनक्सवर इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये काढलेली रेघ, एव्हिन्स या प्रोग्राममध्ये उघडलेली पीडीएफ, जीटीकेच्या (खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचाच्या) जुन्या आवृत्त्यांवरची असंख्य सॉफ्टवेअरं. या सगळ्यांच्या तळाशी कैरो ही एकच लायब्ररी आहे, म्हणजे प्रोग्रामांना रेघा, आकार आणि अक्षरं काढून देणारा तयार कोड. कीथ पॅकार्ड आणि कार्ल वर्थ यांचा हा प्रकल्प २००३ मध्ये एक्सआर या नावाने लोकांसमोर आला. २००५ मध्ये जीटीकेने ती घेतली आणि २००८ च्या फायरफॉक्स ३ ने आख्खं पान तिच्याकडून रंगवून घेतलं. आपला संबंधही थेट आहे. हार्फबझ जोडाक्षरं जुळवतं, पँगो ओळी लावतं आणि ते मराठी अक्षर पडद्यावर किंवा पीडीएफमध्ये उमटवायचं काम कैरोचं.

आता तारखा बघा. १.१६ आवृत्ती ऑक्टोबर २०१८ ची. त्यानंतरची स्थिर आवृत्ती १.१८, ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. मधल्या काळात चाचणीच्या आवृत्त्या निघाल्या, दुरुस्त्या जमत गेल्या, पण सगळं तपासून ‘हे आता बाहेर जाऊ द्या’ असं जबाबदारीने म्हणणारे अगदी मोजके होते. डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे संच बांधून देणारे, आपापले पॅच (छोटे कोडबदल) लावून निभावून नेत होते.

माझं मत असं की या लायब्ररीवर धंदा करणाऱ्यांनी देणगीच्या आधी पगारी माणसाचे तास द्यावेत. तेही नवीन सोयी घालायला नकोत, दुसऱ्याचा पॅच तपासायला हवेत. खरं अडतं ते तिथेच. कैरोच्या चाचण्या काढलेलं चित्र जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून बघतात. फाँटमधून अक्षरांचे आकार काढणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीची आवृत्ती बदलली की अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या गुळगुळीत होतात आणि चाचण्या धडाधड नापास होतात. त्यातली खरी चूक कोणती आणि नुसता कडेचा फरक कोणता, हे कुणीतरी चित्रं शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी ठरवायला लागतं. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. रात्री जेवणं झाल्यावर बसून ते किती वर्षं करायचं माणसाने?

अग्निहोत्र
असहमत. परवान्यातच लिहिलंय की कुठलीही हमी नाही. घेणाऱ्याने ते वाचून घेतलंय, देणाऱ्यानेही ते ठरवूनच दिलंय. यात अन्याय कुठे झाला?

आणि पाच वर्षं आवृत्ती आली नाही म्हणजे हाल झाले, हेही मला पटत नाही. रेघ काढणं, आकार भरणं, अक्षर उमटवणं हा सुटलेला प्रश्न आहे. जग पुढे गेलं. फायरफॉक्सने कधीच वाट बदलली. वेबकिटजीटीके या ब्राउझर-इंजिनाने २०२४ मध्ये कैरो सोडून स्किया ही दुसरी चित्र-लायब्ररी घेतली. जीटीके ४ चित्रं काढायचं काम शक्यतो ग्राफिक्स कार्डावर टाकतं. स्कियामागे २००५ पासून गुगल आहे, पगारी टीम आहे. मग चार दमलेल्या माणसांना आणखी ओढत ठेवण्यापेक्षा या लायब्ररीला सन्मानाने निवृत्त का होऊ देऊ नये? स्वयंसेवकाला थांबायचाही हक्क आहे, आणि ‘तुमच्यावर सगळं जग उभं आहे’ असं सारखं ऐकवून आपण तो हक्क काढून घेतो.

कागदफूल
मी पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं इंकस्केपमध्ये करते. निवृत्त करा म्हणणं सोपं आहे. माझ्या फायली छापखान्यात उद्या जायच्यात.

रेषाकार
अग्निहोत्र, थांबायच्या हक्काबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण ‘सुटलेला प्रश्न’ हे मान्य नाही. कोड जागेवर राहिला तरी भोवताल बदलतो. नवे कम्पायलर येतात, रंगीत फाँटचे नवे प्रकार येतात, विंडोज आणि मॅक आपापल्या जुन्या वाटा बंद करतात. शिवाय या लायब्ऱ्या अनोळखी माणसाने पाठवलेल्या फायली उघडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमधली एक त्रुटी उघड झाली. फाँटच्या आत दडवलेल्या पीएनजी चित्रातून स्मृतीबाहेर लिहिता येत होतं, आणि गुगलच्या संशोधकांनी ती पकडली तेव्हा तिचा गैरवापर सुरूसुद्धा झाला होता. अशा वेळी दुरुस्ती काही तासांत तपासणारा माणूस जागेवर लागतो.

स्कियाचं म्हणाल तर ती उत्तम आहे, पण ती क्रोमच्या वेगाने पळते आणि तिचा इंटरफेस बदलत राहतो. कैरोच्या १.० साठी २००५ मध्ये लिहिलेला सी प्रोग्राम आजच्या कैरोवर चालावा, हे वचन त्या लोकांनी पाळलंय. छोट्या प्रकल्पांना हाच आधार आहे.

अग्निहोत्र
पगारी माणूस आला की सुरक्षा आली, असंही नाही ना? वेबपी प्रकारची चित्रं उघडणारी लिबवेबपी लायब्ररी गुगलचीच. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्यातली त्रुटी निघाली आणि सगळ्या ब्राउझरांची पळापळ झाली.

आणि ‘तपासायला माणसं द्या’ म्हणताना एक्सझेड या फायली दाबून लहान करायच्या साधनाचं मार्च २०२४ चं प्रकरण विसरू नका. एकट्या, थकलेल्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) मदत करायला एक खातं आलं, वर्षं-दोन वर्षं नीट काम केलं, विश्वास कमावला, आणि मग ५.६.० आवृत्तीत मागचं दार, म्हणजे गुपचूप शिरायची वाट, घालून दिलं. एका अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायच्या) लॉगिनला जरा जास्त वेळ लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. आयत्या आलेल्या हातांची मला भीती वाटते.

उंबरठा
मी एका छोट्या चित्र-लायब्ररीच्या देखभालीत आहे, नाव घेत नाही. रेषाकारांचा हेतू चांगला आहे, पण कंपन्यांचे तास म्हणजे काय हे आतून सांगतो. कंपनीचा माणूस येतो तो त्याच्या उत्पादनाला लागणारा भाग घेऊन. तो भाग आत जातो, वर्षभराने त्याची बदली होते आणि तो भाग आमच्या गळ्यात राहतो. कैरोचंच बघा. १.१८ पर्यंत येताना ओपनजीएल, क्यूटी, बीओएस, ओएस/२ असे कितीतरी बॅकएंड, म्हणजे त्या त्या प्रणालीवर चित्र उमटवणारे भाग, काढून टाकावे लागले. प्रत्येक बॅकएंड कधीतरी कुणाच्या तरी गरजेचा होता, उत्साहाने आलेला होता. पुढे तो चालतोय की नाही हे बघणारंही कुणी राहिलं नाही. ते काढून टाकणं हेच त्या काळातलं सगळ्यात मोलाचं काम, असं मला मनापासून वाटतं. त्याला धैर्य लागतं, कारण काढलं की शिव्या खायच्या असतात.

बगबद्दलही लिहितो. ‘छपाई धूसर आली’ एवढंच लिहून लोक जातात. कारण बहुधा असं असतं की पारदर्शकतेचा एखादा प्रकार पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा मांडता येत नाही, मग लायब्ररी तेवढ्या भागाचं चित्र करून चिकटवते. ते मोठं केलं की धूसर दिसतं. पण हे शोधायला मूळ फाईल तर हवी, आणि तीही त्रुटी दाखवण्यापुरती छोटी केलेली. कागदफूल, तुमच्यासारख्या रोज वापरणाऱ्या माणसाने अशी एक फाईल दिली तर आमची संध्याकाळ वाचते. कोड यायलाच हवा असं काही नाही.

कागदफूल
अशी फाईल देता येते हेच कुणी कधी सांगितलं नव्हतं. एका पत्रिकेत सोनेरी सावलीच्या मागे नेमकं हेच होतं. तेवढाच तुकडा वेगळा काढून पाठवते.

दमडी
सगळे पैशाला बाजूला का सारताय? तास मागणं म्हणजे पुन्हा कंपनीच्या मर्जीवर सोडणं. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएलची हार्टब्लीड त्रुटी निघाली तेव्हा कळलं की त्या प्रकल्पाला देणग्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास मिळत होत्या. नंतर पैसा आला, पूर्णवेळ माणसं नेमली गेली, काम सुधारलं. जर्मनीचा सॉव्हरिन टेक फंड आहे, त्याने २०२३ मध्ये ग्नोम या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस (मुक्त सॉफ्टवेअर) फंड सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलरचा. मेंटेनरला सरळ पगार द्या, काय तपासायचं ते त्याचं तो ठरवेल. उंबरठा म्हणतात ती गळ्यात पडायची अडचणही मग येत नाही.

उंबरठा
दमडी, पैसे आले तर नको कोण म्हणेल? पण माझी नोकरी आहे, घर आहे. सहा महिन्यांच्या अनुदानासाठी ती सोडता येत नाही, आणि न सोडता पैसे घेतले तर रात्रीचं काम रात्रीचंच राहतं, वर अहवाल लिहायचे. दहा वर्षांची खात्री कुणी देत असेल तर बोलू.

रेषाकार
तुमचा बॅकएंडचा मुद्दा मान्य, म्हणून मागणी बदलतो. कंपनीने नवीन भाग आणू नये. आणायचाच असेल तर जितका आणेल त्याच्या दुप्पट इतरांचे पॅच तपासून द्यावे, आणि माणूस बदलला तर दुसरा नेमून मगच पहिल्याने जावं. एक्सझेडबद्दल, अग्निहोत्र, तिथे एकट्यावर ‘लवकर करा, नाहीतर दुसऱ्याला द्या’ असा दबाव टाकला गेला होता आणि दार त्यातून उघडलं. ओळखीचे चार तपासनीस असते तर ते इतकं सोपं गेलं नसतं.

अग्निहोत्र
दुप्पट तपासणीची अट मला आवडली, पण ती पाळेल कोण? नव्या कामाला मी स्कियाच सुचवणार. मात्र आमच्या ऑफिसातले जुने अहवाल कैरोतूनच पीडीएफ होतात, आणि ते आणखी बरीच वर्षं बदलणार नाहीत हे मला माहीत आहे. सोमवारी टीममध्ये विचारतो, महिन्याला एक दिवस तपासणीला देता येईल का. उंबरठा, सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा.

उंबरठा
नापास चाचण्यांपासून. दोन चित्रं शेजारी उघडा आणि फरक कडेचाच आहे की आकार चुकलाय, एवढं एका ओळीत लिहा. कोड नंतर बघू.