एका वेळी एकच दालन

मुलं संग्रहालयात अर्ध्या तासात कंटाळतात, अशी बऱ्याच पालकांची तक्रार असते. आमचंही तेच व्हायचं, कारण आम्हीच सगळं दाखवायला धावायचो. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात आता एका वेळी एकच प्रकार बघतो. मागच्या खेपेला फक्त अडकित्ते! मोर, घोडा, माणसं... लेक प्रत्येकासमोर थांबून 'पातं कुठून उघडतं' ते शोधत होती. (घरी येऊन आजीचा साधा अडकित्ता मागितला. दिला नाही, बोटं प्रिय आहेत.)

शिल्पासाठी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं देऊळ. तिथला नंदीचा गोल मंडप दाखवून मी विचारलं, "हे दगड कुठून आणले असतील?" बराच विचार झाला. आणलेच नाहीत, इथलाच कातळ वरून खाली कोरत नेलाय, हे कळल्यावर लेक खांबाला हात लावून छिन्नीच्या खुणा शोधत बसली. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या साबणातून खांब कोरायचा प्रयत्न. दोन वड्या गेल्या, तिसऱ्यात नंदी जमला, म्हणजे बऱ्यापैकी बेडूक.

सकाळी लवकर जा, दुपारी मुलं आणि आपण दोघंही चिडतो.