मनीषनगरातील घर आणि छतावरील बंद सोलर : किंमत कशी धरावी?

बेसा_रोडवाला (धागाकर्ता)
नमस्कार. नागपुरात मनीषनगर भागात तळमजला अधिक एक असे घर पसंत पडले आहे. व्यवहार 82 लाखांवर ठरत आला असताना मालकांनी छतावरील 3 किलोवॅटच्या सोलरचे 2 लाख रुपये वेगळे मागितले. संच 2016 साली बसवलेला असून त्यात 250 वॅटची 12 पॅनेल आहेत. इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा) पडदा मात्र काळा आहे. ‘फक्त फ्यूज उडाला आहे,’ असे मालकांचे म्हणणे. अशा संचाचे घराच्या किमतीत किती मिळवावे, किंवा किती वजा करावे? घर घेतल्यावर माझ्याजवळ दुरुस्तीसाठी 60 हजारांपेक्षा जास्त उरणार नाही, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा.

त्रिमूर्तीनगरकर
जुने काढून टाका आणि सरळ 5 किलोवॅटचे नवे बसवा. मी दोन वर्षांपूर्वी बसवले असून मे महिन्यात दोन एसी चालवूनही माझे बिल केवळ स्थिर आकाराचे येते. पीएम सूर्यघर योजनेत 78 हजार रुपये परत मिळतात, त्यामुळे खर्चाची चिंता करण्याचे कारण नाही.

निवृत्त_उपअभियंता
त्रिमूर्तीनगरकर, त्यांनी 60 हजार लिहिले आहेत, ते आपण वाचले नाहीत असे दिसते. शिवाय 78 हजार ही कमाल मर्यादा आहे. संच 3 किलोवॅटचा असो वा 5 चा, अनुदान तेवढेच मिळते आणि तेही आधी पूर्ण खर्च केल्यानंतर. ज्या कुटुंबाने पूर्वी सोलरसाठी अनुदान घेतले आहे त्याला ते पुन्हा मिळत नाही. म्हणून या मीटरवर पूर्वी अनुदान उचलले गेले होते काय, हे मालकांना आधी विचारावे.

धागाकर्त्यांसाठी : मालकांनी 2016 मध्ये किती खर्च केला याचा आजच्या किमतीशी संबंध नाही. त्यांच्याकडून महावितरणची मागील 24 महिन्यांची बिले मागा. नेट मीटरच्या बिलात आपण घेतलेली वीज आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी छापलेली असते. ज्या महिन्यापासून निर्यातीच्या जागी शून्य दिसू लागते, साधारण त्या महिन्यापासून संच बंद आहे असे धरावे. चांगल्या स्थितीतील 3 किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 12 युनिट देतो. बिलातील आकडे त्या मानाने कुठे बसतात ते पाहिल्यावर मालकांशी वाद घालण्याची गरजच उरणार नाही.

खामल्याच्या_ताई
आमच्याही सोलरचा हाच अनुभव आहे. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार साचतात आणि पाच वर्षांत पाणी कोमटच येते. एक रुपयाही देऊ नका.

बेसा_रोडवाला
ताई, आपण पाणी तापवण्याच्या सोलरबद्दल लिहीत आहात. येथे विजेची पॅनेल आहेत.

खामल्याच्या_ताई
क्षार दोन्हींचे वैरी आहेत. आमच्या शेजाऱ्यांनी बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतली आणि काचेवर पांढरे डाग कायमचे बसले.

कोराडी_वाट
धुतली नाहीत तर काय होते तेही पाहा. आमच्याकडे औष्णिक केंद्राच्या बाजूने वारा असला की दोन दिवसांत काचेवर राखेचा थर बसतो. डाग परवडले, राख परवडत नाही.

तारजोडणी
हे काम मी रोज करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पॅनेल सहसा पूर्ण मरत नाहीत. त्यांची क्षमता वर्षाला अर्धा ते एक टक्का या गतीने उतरते, त्यामुळे नऊ वर्षांची पॅनेल अजून बरीच वीज देऊ शकतात. आधी जातो तो इन्व्हर्टर, आणि आपल्याकडे तो उन्हाच्या भिंतीवर टांगलेला असेल तर आणखी लवकर जातो. खरोखर फ्यूजच उडाला असेल, तर ती काही शेकड्यांची वस्तू आहे. मालकांना विनंती करा, की त्यांनी फ्यूज बदलून उद्या दुपारी बारा वाजता संच चालू करून दाखवावा. तो चालू झाला नाही, तर बोलण्यासारखे फार उरत नाही.

तपासणीच्या वेळी जाणत्या माणसाकडून प्रत्येक पॅनेलचा व्होल्टेज वेगळा मोजून घ्या. एखादे पॅनेल इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी दाखवत असेल, तर त्याच्या आतील डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. मागील पांढऱ्या थराला भेगा आहेत काय आणि कनेक्टर वितळलेले आहेत काय, तेही पाहावे. मात्र उन्हाळ्यात आकडे कमी दिसले म्हणून लगेच घाबरू नये. पॅनेलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते. दुपारी पॅनेल 65 अंशांवर तापले, तर नवे पॅनेलसुद्धा सोळा टक्के कमी देते.

एकदोन पॅनेल खराब निघाली तर त्या जागी नवी टाकण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. जुनी पॅनेल आठ ते नऊ अँपिअरची आहेत आणि आजची मोठी पॅनेल तेराच्या आसपास. दोन्ही एका ओळीत जोडली, तर नव्यालाही जुन्याच्याच चालीने चालावे लागते. माझ्या हिशेबाने इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च 30 ते 35 हजार येईल, आणि तो 82 लाखांतून वजा करावा.

पंचवीस_वर्षे_वॉरंटी
पॅनेलवर पंचवीस वर्षांची वॉरंटी असते, हे कोणीच का सांगत नाही? मालकांकडून कागद घ्या आणि पॅनेल बदलून मागा.

निवृत्त_उपअभियंता
ती हमी 25 वर्षांनंतर सुमारे 80 टक्के क्षमता उरेल अशी असते. पॅनेलच्या बांधणीची हमी बहुधा दहाबारा वर्षांची असते. क्षमता घटली हे मोजून सिद्ध करणे, पॅनेल उतरवणे आणि पाठवणे, हे सारे ग्राहकाच्या गळ्यात पडते. ज्या कंपनीने संच बसवून दिला ती आज दुकानाच्या पाटीवर तरी उरली आहे काय, ते आधी पाहा.

मानेवाडा_गळती
सगळे विजेविषयी लिहीत आहेत, स्लॅबविषयी कोणीच नाही. मी असेच सोलरसहित घर घेतले. बसवणाऱ्याने लोखंडी पाय थेट स्लॅबमध्ये बोल्टने ठोकले होते. पहिल्याच पावसात झोपण्याच्या खोलीचे छत ओले झाले. पॅनेल उतरवणे आणि वॉटरप्रूफिंग यांवर मिळून 48 हजार रुपये गेले. भंगारवाल्याने फक्त अॅल्युमिनियमच्या चौकटीचा भाव केला आणि काच मला ठेवून घेण्यास सांगितले. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत सोलर पॅनेल समाविष्ट आहेत, पण माझ्या दाराशी ती न्यायला कोणी आले नाही. किमान एक लाख वजा करा, किंवा मालकांनाच सारे काढून न्यायला सांगा.

रजिस्ट्रीवाला
बँकेच्या मूल्यांककाने माझ्या वेळी जमीन आणि बांधकाम एवढेच धरले, सोलरचा रकाना कोराच राहिला. हे 2 लाख करारात घराच्या किमतीत मिसळले, तर त्यावर मुद्रांक शुल्कही भरावे लागेल, कारण करारातील रक्कम आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर ते लागते. आणखी एक : वीजजोडणी आपल्या नावावर करताना नेट मीटरचा करारही नावावर करून घ्यावा. इसार देण्यापूर्वीच मालकांकडून त्याची प्रत घेऊन ठेवा.

त्रिमूर्तीनगरकर
मी तर आधीच म्हटले होते, की जुने काढून 5 किलोवॅटचे नवे बसवा.

बेसा_रोडवाला
सर्वांचे आभार. बिले मिळाली, ऑगस्ट 2023 पासून निर्यात शून्य आहे. फ्यूज बदलला, इन्व्हर्टर चालू झाला नाही. मालक 2 लाखांवरून 25 हजारांवर आले आणि मी ते मान्य केले. आपणांपैकी कोणीही हा सल्ला दिलेला नाही, याची मला जाणीव आहे.

कारण असे, की पॅनेलची चौकट स्लॅबपासून सात फूट उंच आहे आणि पाय बोल्टने ठोकलेले नसून काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवलेले आहेत. दुपारी दोन वाजता वरच्या खोलीत उभे राहून आम्ही छताला हात लावून पाहिला, तेव्हा पॅनेलखालचा भाग आणि उघडा भाग यांतला फरक सौभाग्यवतींना लगेच जाणवला. सुमारे 210 चौरस फुटांची सावली आणि तिच्याखाली कूलरची टाकी ठेवण्याची सोय 25 हजारांत मला महाग वाटली नाही. इन्व्हर्टरचे पुढच्या वर्षी पाहू.

मानेवाडा_गळती
पावसाळ्यानंतर येथेच लिहावे, आम्ही वाट पाहतो.

तारजोडणी
सावलीसाठी ठेवत असाल तरी एक काम या आठवड्यातच करून घ्या. इन्व्हर्टर मेला असला तरी पॅनेल उन्हात व्होल्टेज तयार करतच असतात आणि एका ओळीतील बारा पॅनेलचा व्होल्टेज साडेचारशेच्या आसपास जाऊ शकतो. डीसी स्विच (पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे येणारी वीज तोडणारा) बंद करून, पॅनेल झाकून, ओळीचे कनेक्टर वायरमनकडून सोडवून घ्या आणि मोकळ्या टोकांना टोपणे लावा. चौकटीची अर्थिंग मात्र सोडवू नका, आणि तिच्या पायांना कपडे वाळवण्याची तार बांधू नका.