छोटी खाऱ्या पाण्याची टाकी: लाइव्ह रॉक घ्यावा की कोरडा दगड?

पाणओढ
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातली झाडांची टाकी बरीच वर्षं सांभाळते आहे, आता खाऱ्या पाण्याची छोटी रीफ टाकी (प्रवाळांची टाकी) करायची आहे. राहायला ठाण्यात, दुसऱ्या मजल्यावर. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी करून घेईन म्हणते. मासे दोन-तीनच. क्लाउनफिशची जोडी नक्की, एखादी क्लीनर कोळंबी, आणि जमलं तर पुढे मऊ प्रवाळ.

अडलंय ते दगडावर. एका दुकानदाराने ओल्या गोणपाटात गुंडाळलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जीव चिकटलेला समुद्रातला दगड, दाखवला. रामेश्वरहून येतो म्हणाला, किलोवर देतो. दुसऱ्याकडे पांढरा कोरडा दगड आहे. तो स्वस्त आहे, पण "मेलेला" आहे असं पहिला म्हणतो. कोणता घेऊ? शिवाय दोन प्रश्न: समुद्राचं पाणी आणून वापरलं तर चालेल का? आणि चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यावाच लागतो का? एप्रिल-मेमध्ये आमचा हॉल चौतीस अंशांच्या वर जातो, एसी फक्त बेडरूममध्ये आहे.

भरतीओहोटी
ताई, तो ओला दगड घेऊ नका, हे आधी सांगतो आणि मग कारण सांगतो.

रामेश्वरच्या बाजूचा समुद्र म्हणजे मन्नारचं आखात. तिथली २१ बेटं आणि भोवतालचं पाणी १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २००१ साली प्रवाळांचे गट पहिल्या अनुसूचीत घातले गेले: रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. लाइव्ह रॉक म्हणजे त्याच कठीण प्रवाळांचे सांगाडे आणि त्यावर चिकटलेली जिवंत वसाहत. तो समुद्रातून फोडून काढलेला असतो. बिल मागा, कुठून आला त्याचा कागद मागा, मिळणार नाही. पकडलं गेलं तर दुकानदाराबरोबर घेणाराही अडकतो. पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. तो एक दगड तसा व्हायला समुद्राला कित्येक वर्षं लागलेली असतात, आणि गोणपाटात दोन दिवस राहून त्यावरचं निम्मं आयुष्य वाटेतच कुजतं. टाकीत टाकला की तेच कुजणं पाण्यात उतरतं आणि अमोनिया आकाशाला भिडतो.

आता कोरडा दगड "मेलेला" म्हणून कमी प्रतीचा, हे खरं नाही. लाइव्ह रॉक टाकीत काम करतो ते त्याच्या छिद्रांमुळे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो. दगडाच्या बाहेरच्या थरातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगडाच्या आत खोलवर, जिथे ऑक्सिजन फारसा पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. हे सगळं सच्छिद्र कोरड्या दगडातही होतं. फक्त वसाहत बसायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ देणं हाच या छंदातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

तुमच्या मापाच्या टाकीत काठोकाठ सव्वाशे लिटर मावतात, दगड-वाळू धरून हाती शंभर लिटर पाणी. त्याला दहा-बारा किलो दगड पुरे. हलका, भोकं असलेला, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने वजनाला कमी वाटणारा निवडा. टाकी रिकामी असताना दगड थेट तळाच्या काचेवर बसवा, हलवून पाहा, आणि मगच वाळू घाला. वाळूवर ठेवलेला दगड खालून वाळू उकरणाऱ्या माशामुळे किंवा कोळंबीमुळे ढासळतो आणि काच जाते. वाळू अ‍ॅरागोनाइटची, दोन-तीन सेंटिमीटर थर.

मग मीठ. साधं खाण्याचं नाही, रीफचं सागरी मीठ. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीला चार किलोच्या आसपास. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून वर बरोबर दाखवेलच असं नाही.

पाणी गार आणि स्वच्छ झालं की मासा न घालता सायकल करा, म्हणजे वर सांगितलेले जिवाणू आधी बसू द्या. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) न्या, बाटलीतले जिवाणू ओता, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) चालू, दिवा बंद. दिवा लावलात तर जिवाणूंआधी शेवाळ बसतं. दोन-तीन दिवसांआड तपासणी करा. नेहमीच्या थेंबांच्या किटमध्ये सुरुवातीला अमोनियाची नळी गर्द हिरवी होते. पुढे ती पिवळीकडे सरकायला लागली की नायट्राइटची नळी आकाशीची जांभळी होते, आणि तिथेच बरेच दिवस अडकून बसते. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि मासे येतात. थांबा. पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत एक नळी स्वच्छ पिवळी आणि दुसरी स्वच्छ आकाशी आली, की सायकल झाली. तीन ते सहा आठवडे धरून चाला. नंतर निम्मं पाणी बदला आणि मगच पहिला मासा.

पाणओढ
काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ओला दगड बाद. पण माझ्या मैत्रिणीकडे जुनी चाललेली टाकी आहे, तिने मुठीएवढा तुकडा देऊ केलाय. तो घेऊ का? आई म्हणते आधी उकळत्या पाण्यातून काढ, म्हणजे किडे मरतील.

गोडंखारं
तुकडा जरूर घ्या, पण उकळू नका. कधीच नाही. आईंनाही सांगून ठेवा. झोअँथिड आणि पॅलिथोआ नावाच्या बटणांसारख्या मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन असतं, माणसाला माहीत असलेल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. दगडावर त्यांची एखादी वसाहत असेल आणि तो दगड उकळला, तर वाफेबरोबर ते घरभर पसरतं. असे दगड उकळून किंवा घासून अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा, हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका.

किड्यांसाठी सोपा उपाय. तुकडा तासभर वेगळ्या बादलीत, टाकीच्याच क्षारतेच्या पाण्यात ठेवा, मधून मधून हलवा. रात्री दिवे मालवून लाल टॉर्चने बघा. केसाळ, चपळ अळी दिसली तर घाबरू नका. ब्रिसलवर्म म्हणतात तिला, उरलंसुरलं खाऊन टाकीच साफ ठेवते, फक्त हाताने पकडू नका, काटे रुततात. खरी डोकेदुखी म्हणजे एप्टेशिया: पारदर्शक तपकिरी छोटं समुद्रफूल, बोट जवळ नेलं की क्षणात भोकात शिरतं. ते चुरडू नका, तुकड्यातुकड्यातून नवं उगवतं. असलेला भाग छिन्नीने काढून टाका. आणि रात्री शांततेत टाकीतून टक्, टक् असा आवाज आला तर मँटिस किंवा पिस्तूल कोळंबी आली आहे असं समजा. मँटिस असेल तर बाहेर काढाच, खेकडे-गोगलगायी फोडून खाते.

मैत्रिणीच्या टाकीत कधीही तांब्याचं औषध घातलं होतं का, हे मात्र विचारा. तांबं दगडात मुरून राहतं आणि कोळंब्या, गोगलगायी मरतात.

स्किमरबाबत (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) माझं मत थोडं वेगळं. काकांनी लिहिलं नाही, पण शंभर लिटरच्या टाकीला स्किमर मी घेणार नाही. आठवड्याला दहा लिटर पाणी बदला, त्याने जास्त साधतं.

भरतीओहोटी
+१. पॅलिटॉक्सिनचं मी लिहायलाच हवं होतं. स्किमरचंही पटतं, दोन मासे असतील तोवर. सात-आठ मासे ठेवायचा मोह झाला तर आधी स्किमर, मग मासे.

किनाऱ्यावरची
समुद्राच्या पाण्याबद्दल: ठाण्याच्या खाडीचं किंवा मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी टाकीत नको. सांडपाणी, तेल, आणि पावसाळ्यात गोड्या पाण्याने क्षारता घसरलेली. घरी मीठ कालवणं सगळ्यात भरवशाचं.

आणखी एक विनंती. ओहोटीला हाजीअली, वरळीच्या खडकांवर झोअँथिडचे हिरवे-तपकिरी गालिचे दिसतात, छोटे कठीण प्रवाळही दिसतात. बघून हात शिवशिवतात. तिथून काहीही उचलू नका, रिकामा शंखसुद्धा नको, तो शंखातल्या खेकड्याचं पुढचं घर असतो. कोस्टल रोडसाठी याच भागातल्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तर त्यालाही वन खात्याची परवानगी काढावी लागली होती. रस्त्याला परवानगी लागते, तर आपल्या टाकीला सूट कशी असेल?

बघायला मात्र जरूर जा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाणी निवळ असताना स्नॉर्केल लावून पाहिलंत, की दगडावर प्रवाह कुठून येतो, कोण सावलीत बसतं, कोण उजेडात, हे कळतं. टाकीतली मांडणी त्यानंतर सुचेल.

क्लाउनफिश पिंजऱ्यात... म्हणजे टाकीत जन्मलेलाच घ्या. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या बीजोत्पादनाचं तंत्र बसवलं आहे, आणि तुमच्या जवळच ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने शोभिवंत सागरी माशांचं बीजोत्पादन केंद्र उभारलं आहे. टाकीत जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून गोळ्यांचं खाद्य खातो. समुद्रफूल त्याला लागतंच असं नाही. नव्या टाकीत समुद्रफूल टिकतही नाही, फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये जातं. समुद्रघोडा मनात असेल तर काढून टाका. २००१ साली तोही पहिल्या अनुसूचीत घातला गेला, सागरी काकडीही.

वायरमन_नाशिक
विजेचं आणि उन्हाळ्याचं मी बोलतो.

रीफला २५-२६ अंश हवेत. २८ पर्यंत जीव धरतात, तिशीवर गेलं की प्रवाळ रंग टाकू लागतात, पाण्यातला ऑक्सिजनही कमी होतो. पृष्ठभागावर पंखा मारला की बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. नाशिक, पुणे, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा उत्तम. ठाण्याच्या दमट मेमध्ये तो अर्धाच चालतो. तुमच्या हॉलच्या आकड्याकडे बघून सांगतो: टाकी एसीच्या बेडरूममध्ये ठेवा, नाहीतर चिलरचे पैसे आधीच बाजूला काढा. टाकीपेक्षा चिलर महाग पडतो, म्हणून जागेचा निर्णय सगळ्यात आधी. एसीच्या खोलीत रात्री थंडी वाढते, छोटा हीटर २५ ला लावून ठेवा. एका दिवसात चढउतार एक अंशाच्या आत राहिला पाहिजे.

पंखा लावलात की पाणी उडतं, मीठ उडत नाही. शंभर लिटरमधलं तीन लिटर उडालं तर ३५ ची क्षारता ३६ च्या वर जाते. ती भर रोज गोड्या पाण्याने घाला, खाऱ्याने नाही. गोडं पाणी आरओचं, पण घरच्या आरओमध्ये चव यावी म्हणून खनिजं परत मिसळलेली असतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर लावा. शेवटी डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळी जोडून शून्य आलं पाहिजे, नाहीतर केसाळ शेवाळ संपणार नाही.

वायरींचं: प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगमध्ये न जाता खाली टपकतो. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग चालू आहे याची खात्री. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं, यात तडजोड नाही. लाइट गेली तर हीटर, दिवा बंद राहू दे, वेव्हमेकर तेवढा इन्व्हर्टरवर घ्या. काही वॅटच खातो, रात्रभर चालेल. पाणी हलत राहिलं तर मासे आणि जिवाणू दोन्ही जगतात.

पाणओढ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: कोरडा दगड, मैत्रिणीचा तुकडा बादलीत तपासून, टाकी बेडरूममध्ये, ऐरोलीला चौकशी. एकच राहिलं. सायकल झाल्यावर दगड तपकिरी होतो म्हणतात, तेव्हा काय करायचं?

भरतीओहोटी
तपकिरी धूळ बसते ती डायॅटमची, नव्या दगडात आणि वाळूत असलेल्या सिलिकेटवर ती जगते. त्यानंतर हिरवं केसाळ शेवाळ येतं. दोन्ही येऊन जातात, औषध घालू नका. दिवा आठ तासांच्या वर नको, सुरुवातीला निम्म्या तीव्रतेवर. ट्रोकस आणि सेरिथ गोगलगायी पाच-सहा, दोन छोटे हर्मिट (शंखातले खेकडे). वाढलेलं शेवाळ पाणी बदलताना हाताने उपटा आणि त्याच नळीने ओढून घ्या. क्षारीयता (अल्कलिनिटी, ही क्षारता नव्हे) ८ ते ९ डीकेएच या मापात, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास राहू द्या. त्या तुकड्याच्या बाजूला आधी काचेवर, मग दगडावर जांभळे-गुलाबी ठिपके दिसू लागतील. ते कोरलाइन शेवाळ, ते खरवडू नका. ते दिसलं की पहिलं मशरूम प्रवाळ आणा, तेही कुणाच्या तरी टाकीत वाढलेलं. माझ्याकडे जास्तीचं आहे, ठाण्यात येणं झालं की देतो.