मदत हवी आहे : लिहायला बसलं की शाळेतला निबंधच होतो

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, कॉलेज रोडला राहतो, नोकरी सातपूरला. गेले सहा महिने रोज रात्री अर्धा तास लिहितोय, पण वाचून बघितलं की माझं मलाच बोअर होतं राव.

उदाहरण देतो. मामाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि डावणी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, आली, त्यावर लिहायला घेतलं तर पहिलंच वाक्य काय, "निसर्गाच्या लहरीपणापुढे शेतकरी हतबल असतो." अरे, असं कोण बोलतं! मामा तर पान उलटं करून खालची पांढरी बुरशी अंगठ्याने चोळत नुसतं म्हणाला, "गेला घड." हेच लिहायचं होतं की, पण हे सुचलं चार दिवसांनी, बाईकवर, एबीबी सर्कलच्या सिग्नलला.

एका मित्राने सांगितलं मोठ्याने वाचून बघ, ते करतोय, फायदा होतो, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडतो. पण विशेषणं काही केल्या सुटत नाहीत. सावानाचं, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाचनालयाचं, कार्ड आहे, वाचन बऱ्यापैकी आहे, उलट जे वाचतो त्याचीच नक्कल उतरते असं वाटायला लागलंय.

तर विचारायचं हे की पहिला खर्डा झाल्यावर तो किती दिवस बाजूला ठेवता? काटछाट करताना आधी काय उडवता? आणि लिहिलेलं कुणाला दाखवायचं, कारण घरचे सगळ्यालाच "छान" म्हणतात. नाशिकमध्ये कुणी आठवड्यातून एकदा बसून एकमेकांचं वाचणारं असेल तर मी यायला तयार आहे, चहा माझ्याकडून.