रात्री चार-चार वेळा लघवीला उठतो, प्रोस्टेटचं ऑपरेशन करून टाकू का?

त्रिमूर्तीनगर_मास्तर:

नमस्कार. वय 63, निवृत्त शिक्षक. वर्षभर झालं, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि होऊन गेल्यावरही काही राहून गेल्यासारखं वाटतं. सीताबर्डीला जायचं म्हटलं की आधी मुतारी कुठे आहे ते आठवतो. मे महिन्यात मुलाकडे पुण्याला ट्रॅव्हल्सने जायचं होतं, म्हणून भर उन्हात दुपारपासून पाण्याला हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी लघवी गडद पिवळी आणि जळजळ.

सोनोग्राफीत प्रोस्टेट 38 ग्रॅम, लघवी केल्यावर 40 मिली उरलेली. एका मित्राला प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन गोळी चालू आहे, तीच दुकानातून आणून घेतली. तिसऱ्या रात्री पलंगावरून उठलो तर डोळ्यांसमोर अंधारी आली, मोरीच्या दाराला धरून बसलो. बायको फार घाबरली. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे, शुगर नाही. सगळे म्हणतात दुर्बिणीने काढून मोकळे व्हा. खरंच व्हावं का?

काटोल_रोड_दादा:

मास्तर, थांबा. मी 68 चा आहे आणि माझं दुर्बिणीचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. धार चांगली सुधारली, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्रीचं उठणं जसंच्या तसं राहिलं, कारण रात्री किती लघवी होते ते कुणी मोजलंच नव्हतं. मलाही सुचलं नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तीन दिवसांची वही लिहायला लावली, तेव्हा कळलं.

तुम्ही ते आधी करा. प्लास्टिकचं मापाचं भांडं आणा. किती वाजता, किती मिली, काय प्यालात, घाई लागली का, सगळं लिहा. झोपण्याआधीची लघवी दिवसात धरायची, पण सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या हिशोबात. रात्रीचा आकडा चोवीस तासांच्या एकतृतीयांशाहून जास्त आला, तर मूत्राशय नाही, शरीरच रात्री जास्त लघवी तयार करून राहिलंय. मग प्रोस्टेट कितीही कापा, तुम्ही उठणारच. त्याची कारणं वेगळी असतात: पायावरची सूज, हृदय, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, झोपेत घोरून श्वास अडकणं. उलट दर वेळी 80-100 मिलीच होत असेल, तर मूत्राशय लवकर ओरडतंय किंवा रिकामं होत नाहीये.

दुसरं, लघवीचा त्रास किती ते मोजायला सात प्रश्नांचा तक्ता असतो, 0 ते 35 गुणांचा. 7 पर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्यापुढे तीव्र. तो भरा. 38 ग्रॅम हा आकडा एकटा काही ठरवत नाही. 30 ग्रॅमवाल्याला जास्त त्रास आणि 60 वाल्याला काहीच नाही, असं सर्रास असतं.

टॅमसुलोसिन वाईट नाही, मलाही दिली होती. पण ती रक्तदाब उतरवते, त्यात तुमची बीपीची गोळी आहेच. डॉक्टरांना न विचारता नको. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तर आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी कधी घेतली ते नक्की सांगा, डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा पडदा त्यामुळे ढिला पडतो. आणि सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, काहींनी लघवी पूर्ण बंद पडते. तशी बंद पडली, रक्त दिसलं किंवा थंडीताप आला तर वहीबिही सोडून थेट दवाखाना.

महालची_वहिनी:

दादा, बायांचंही सांगते, कारण आमच्यात कुणी बोलतच नाही. मी 49 ची. नळ सोडला, कुलपाला किल्ली लावली की घाई लागायची आणि कपडे ओले व्हायचे. दोन वर्षं लग्नाकार्यात जाणंच सोडलं. आधी लघवीची तपासणी झाली, जंतू नव्हते. मग फिजिओथेरपिस्टनी ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. तीन महिने नेटाने केला, आणि घाई लागली की थोडं थांबून मगच जायचं, हे अंतर हळूहळू वाढवलं. चहा पाच कपांवरून दोनवर आणला. आता महिन्यात एखाद्या वेळी होतं. कुणाला त्रास असेल तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका, बाई डॉक्टरला सांगा.

त्रिमूर्तीनगर_मास्तर:

वही झाली. रात्री 280, 300, 260 आणि सकाळची 310, म्हणजे 1150 मिली. दिवसभरात फक्त 900. निम्म्याहून जास्त रात्री! तक्त्यात 15 गुण आले. आणि वहिनींनी विचारलं नसलं तरी सांगतो, माझी पत्नी ही वही वाचून म्हणाली, तिलाही तीन वर्षांपासून घाई लागते. आमच्या घरात दोघं वेगवेगळं सोसत होतो, एका शब्दाने बोललो नाही.

कारणंही दिसली. मुतखड्याच्या धास्तीने झोपताना तांब्याभर पाणी, त्याआधी नऊला टरबूज, वर ताक. संध्याकाळी पायांवर मोज्याचे वळ उमटतात, ते कधी जोडून पाहिलंच नव्हतं. काल मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते, ती सूज आडवं झालं की रात्री लघवी होऊन बाहेर पडते. बीपीवाल्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलायची, स्वतः बंद करायची नाही. तोपर्यंत दुपारी चार ते पाच या वेळात पाय उंच ठेवून पडायचं. पाणी कमी करायचं नाही, सकाळी-दुपारी भरपूर प्यायचं आणि सातनंतर फक्त तहानेपुरतं. ऑपरेशनचं आता नाव नको, आधी युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजायची तपासणी.

सोमवारी ती तपासणी आहे. मूत्राशय भरून जायचं म्हणतात, म्हणजे किती?

काटोल_रोड_दादा:

तासभर आधी दोन-तीन ग्लास प्या आणि नेहमीसारखी लागली की सांगा. किमान 150 मिली व्हायला हवी, नाहीतर आकडा खरा येत नाही. पण कळ येईपर्यंत धरू नका, त्यानेही धार बिघडते. वही सोबत न्या.