नोकरी सोडून शिकवायला जावं का? अनुभव लिहा

शिक्षकी पेशा किती पवित्र आहे हे ऐकायचं नाहीये, ते सासरेबुवा रोज ऐकवतात.

मी हिंजवडीत, वय ४३, डिलिव्हरी मॅनेजर. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी हेडफोन असतो. सोलापूरला, आमच्या गावी, एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळतेय. बी.ई., एम.ई. दोन्ही फर्स्ट क्लास, म्हणजे पात्रतेचा प्रश्न नाही. पगार आजच्या साधारण एक तृतीयांश. फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, मुलगी नववीत. बायको म्हणते 'तू ठरव', आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

ज्यांनी असं केलं त्यांनी लिहा. घर कसं चाललं, दिवस कसा जातो, एवढं तरी सांगा, आणि पैशाचं लिहायला लाजू नका. विचार करून 'नाही' म्हटलेल्यांनी तर जरूर लिहा, ती माणसं कधी बोलतच नाहीत. घरच्यांनीही लिहा.

ठाणे, ऑडिट. सोडली नाही.

माझं लहान आहे, लिहून मोकळी होते. सीए आहे. एप्रिल ते सप्टेंबरअखेर घर म्हणजे नुसतं झोपायची जागा. कॉमर्स कॉलेजात पूर्णवेळ जागा चालून आली होती. पण आई डायलिसिसवर, तिचा खर्च कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून निघतो. बाहेर चौकशी केली, तिचं वय आणि आजार ऐकून नवीन पॉलिसी कोणी द्यायला तयार होईना. विषय तिथेच मिटला. आता शनिवारी दुपारी त्याच कॉलेजात गेस्ट म्हणून कॉस्टिंग घेते. पेट्रोलपुरते सुटतात. नोकरीचा जाच तसूभर कमी झालेला नाही, पण शुक्रवारी रात्री मूड बरा असतो.

धडगाव, जि. नंदुरबार. बँकेतून जि.प. शाळेत.

माझं उलटं झालंय. मी शिक्षिकाच व्हायला निघाले होते, वाटेत बँक लागली.

डी.एड. झालं तेव्हा गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं होती. मग मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली आणि आमच्या बॅचची पोरंपोरी कोणी मोबाइल शॉपीत, कोणी पोलीस भरतीला, कोणी बँकेच्या परीक्षांना लागली. मी एका सरकारी बँकेत क्लार्क, नंतर ऑफिसर. पीक कर्जाची थकबाकी, वर विम्याची टार्गेटं. मार्चएंडला रात्री साडेदहाला वरून फोन: "मॅडम, आज किती पॉलिस्या?" शेतकरी कर्ज मागायला आलेला, आणि मी त्याच्या गळ्यात पॉलिसी घालतेय. हे काही वर्षं चाललं.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मी मध्येच पास होऊन ठेवली होती. शिक्षकभरतीची २०२३ची अभियोग्यता चाचणी दिली, त्यात बँकेच्या परीक्षांचा सराव कामाला आला: २०० प्रश्न, १२० मिनिटं. पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी साइटवर, प्राधान्यक्रम भरले आणि २०२४ मध्ये इथली जागा मिळाली.

आता पैसे. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधन १६,०००. (२०२३च्या आधी ६,००० होतं, त्या मानाने आम्ही नशीबवान.) बँकेत त्याच्या चौपटीहून जास्त हातात येत होते. सासूबाई दिवाळीपर्यंत नीट बोलल्या नाहीत. नवऱ्याचं शहाद्याला मेडिकल आहे, त्यावर घर चाललं, नाहीतर शक्य नव्हतं, उगाच मोठेपणा कशाला. बँकवाल्यांना एक सांगते: स्टाफचं घरकर्ज असेल तर राजीनाम्यानंतर सवलतीचा व्याजदर जातो आणि हप्ता एकदम चढतो. आम्ही आधी एफडी मोडून कर्ज फेडलं, मग कागद टाकला.

पहिलीतली पोरं घरी पावरी बोलतात. मी "बसा" म्हणायची आणि ती माझ्याकडे बघत उभी राहायची. चौथीतली एक मुलगी आपणहून माझी दुभाषी झाली. माझं बोलणं तिकडे पोचवायची आणि तिकडच्या तक्रारी माझ्याकडे आणायची. एकदा म्हणाली, "मॅडम, तो म्हणतो तुम्ही सारख्या रागावता का?" मी रागावलेली नव्हते. बँकेत काउंटरवर बोलायचा आवाज तसाच राहिला होता.

टार्गेटांपासून सुटका म्हणाल तर अर्धीच. पोषण आहाराचा तांदूळ मोजा, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरा, निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम. नेटवर्क टेकडीवर, म्हणून ऑनलाइन माहिती टेकडीवर बसून भरायची. फोन इथेही रात्री येतात, फक्त ते पालकांचे असतात: "मॅडम, आम्ही गुजरातला ऊसतोडीला चाललो, पोरगी नेतो." मग पहाटे उठून त्यांच्या पाड्यावर जायचं, गाडी निघायच्या आत. आजीकडे ठेवा म्हणून हातापाया पडायचं. कधी ठेवतात, कधी नाही.

आणि १ सप्टेंबर २०२५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आमचे जुने गुरुजीही टीईटीला बसणार आहेत. सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हायचंय. मधल्या सुट्टीत मी त्यांचं गणित घेते, ते मला पावरी शिकवतात.

नाशिक. कंपनीतून आयटीआयला.

सातपूरला मेंटेनन्समध्ये होतो. ब्रेकडाउनचा फोन आला की मी बूट घालायचो आणि बायको न विचारता डबा भरायची, मग रात्रीचे दोन का वाजेनात.

आयटीआयचा निदेशक व्हायचं तर ट्रेडची पात्रता, कामाचा अनुभव आणि सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचा एक वर्षाचा कोर्स. ते वर्ष बिनपगारी काढलं. सरकारी भरती कधी निघेल यावर संसार टांगता येत नाही, म्हणून आधी खाजगी आयटीआयमध्ये लागलो. ओव्हरटाइम धरून कंपनीत जे पडायचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. ग्रॅच्युइटी हातात आली ती त्या वर्षात कामाला आली. कोणाची पाच वर्षं भरत आली असतील तर ती भरू द्या, मगच राजीनामा टाका.

कामाचं सांगतो. फिटरच्या पोरांना सुरुवातीला फायलिंग. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरायची, फाइल चालवायची, मग गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचं. पट्टी आणि पात्याच्या मधून उजेड दिसला की पुन्हा घास. नव्या पोराच्या हातात फाइल झोपाळ्यासारखी वरखाली होते, त्यामुळे मधे उंचवटा राहतो आणि कडा उतरतात. पोरं वैतागतात. "सर, सगळीकडे सीएनसी आलं, हे कशाला?" (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन.) मी वाद घालत नाही. सीएनसीवरून आलेला एक रिजेक्ट झालेला जॉब टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, शोध यात काय चुकलंय. फायलिंग नीट केलेला पोरगा बोट फिरवून सांगतो. बाकीचे व्हर्निअर शोधत बसतात.

वीस पोरं, वीस व्हाइस, आणि कायम एकाचा तरी सेफ्टी चष्मा डोक्यावर चढवलेला. तेव्हा माझ्या तोंडून आमच्या जुन्या सुपरवायझरच्या शिव्या निघतात. कमी केल्यात. रात्री मात्र फोन सायलेंट करून झोपतो. हे सुख पगारात मोजून कोणी दाखवावं.

नवी मुंबई, मूळ रत्नागिरी. सोडणाऱ्याची बायको.

घरच्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते. हे मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. गुडघा आणि बीपी, दोन्हीने जहाज सोडायला लावलं. टोटा नावाचा शिकवणाऱ्यांचा कोर्स केला आणि आता एका मरीन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात.

पैशाचं म्हणाल तर बोटीवर पगार डॉलरात, आणि वर्षातला बराच काळ देशाबाहेर असल्याने त्यावर इथला आयकर नाही. इथे पगार घटला तो घटला, वर टीडीएस कापून येतो. घटलेल्या पगाराची तयारी केली होती. कापलेल्या पगाराचं स्लिप बघून हे अर्धा तास गप्प होते.

पण मला वेगळंच सांगायचंय. इतकी वर्षं घर मी एकटीने चालवलं, गॅसच्या नंबरापासून मुलाच्या दहावीपर्यंत. आता संध्याकाळी सहाला हे घरात! पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघराची स्टोअर लिस्ट करून फ्रिजवर लावली, डाळ किती, रवा किती, मिनिमम स्टॉक किती. मी ती काढली. त्यावरून जे वाजलं ते शेजारच्यांनीही ऐकलं. पैशाचं चालेल का, हे सगळे बायकोला विचारतात. मी रोज घरी असलेला तुला चालेल का, हे विचारायचं राहून जातं. आमचं वर्षभराने बसलं.

यांचे विद्यार्थी बोटीवरून मध्यरात्री व्हॉट्सअॅप करतात: "सर, प्युरिफायर ओव्हरफ्लो होतोय, थांबत नाही." (प्युरिफायर म्हणजे बोटीवरचं तेल शुद्ध करायचं मशीन.) हे चष्मा चाचपत उठतात, बाल्कनीत जाऊन व्हॉइस मेसेज पाठवतात, एकामागून एक. तेवढ्यापुरते पुन्हा चीफ इंजिनिअर. मी कूस बदलते.

छत्रपती संभाजीनगर. गेलो आणि परत आलो.

केमिस्ट्रीत पीएच.डी., वाळूजला फार्मा कंपनीत. सेट पास (प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, पुणे विद्यापीठ घेतं ती, महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची). कॉलेजात शिकवायचं म्हणून कंपनी सोडली.

सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व, बाहेरून कळत नाही. जितके तास घेतले तितकेच पैसे. दिवाळीची सुट्टी कोरडी, मे कोरडा, परीक्षांचे दिवस कोरडे. बिलं अडकली की महिनोन्‌महिने अडकतात. दर जूनला नव्याने मुलाखत, त्याच जागेसाठी, त्याच लोकांसमोर. शेजारच्या टेबलावर पूर्णवेळवाला बसतो, तेच शिकवतो, त्याचं नुसतं मूळ वेतन ५७,७००ला सुरू होतं. त्याच्याशी माझं भांडण नाही, चहा तोच पाजायचा.

पूर्णवेळ जागेसाठी एका संस्थेत गेलो तर थीसिसवर एक प्रश्न आणि 'संस्थेला काय मदत कराल' यावर चार. उठून आलो.

सध्या पुन्हा कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. वर्ग मला आवडायचा, अजून आवडेल. माझ्या हाताखाली इंटर्न येतात त्यांना टायट्रेशन नीट शिकवतो, मॅनेजर म्हणतो एवढा वेळ का घालवतोस.

रेडिंग, इंग्लंड

बँकेच्या आयटीतून शाळेत गणित शिकवायला. आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) हातात येईपर्यंत थांबलो, कारण व्हिसावर असताना शिकाऊ काळाची बर्सरी, म्हणजे विद्यावेतन, मिळणं कठीण. एक वर्ष पीजीसीई (आपल्या बी.एड.सारखा कोर्स), पुढची दोन वर्षं नवशिका शिक्षक म्हणून देखरेखीखाली. कंत्राटात वर्षाला १९५ दिवस आणि १,२६५ तास लिहिलेले असतात, ते वाचून मी हुरळलो होतो. वह्या तपासणं आणि तयारी त्या तासांच्या बाहेर. रविवार दुपार गेली म्हणून समजा. आई इथे आली होती तेव्हा वह्यांचा ढीग बघून म्हणाली, "यासाठी शिकलास एवढं?" मग बसून तिनेच बेरजा तपासल्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, माझ्यापेक्षा झटपट.

कोल्हापूरकडचा, इंजिनिअरिंग कॉलेज. सोलापूरवाल्यासाठी.

मित्रा, वरचे अनुभव छान आहेत, पण तुझी केस माझ्यासारखी आहे. मी बांधकाम कंपनीतून आलो, आता बरीच वर्षं शिकवतोय, सुखात आहे. तरी आधी हे बघ.

विनाअनुदानितमध्ये सातवा वेतन आयोग कागदावर असतो, हातात बऱ्याचदा 'कन्सॉलिडेटेड', म्हणजे ठोक पगार असतो. पगार वेळेवर होतो का, हे प्रिन्सिपॉलला विचारू नकोस. कॅन्टीनमध्ये चहा घे आणि लॅब असिस्टंटला विचार, शेवटचा पगार कुठल्या महिन्याचा झाला. माझ्या आधीच्या कॉलेजात फेब्रुवारीत ऑक्टोबरचा झाला होता.

आठवड्याला १६ तास शिकवणं हे ऐकायला कमी वाटतं. पहिल्या सेमिस्टरला तुला कोणालाच नको असलेला विषय येणार, त्याच्या एका तासाला घरी तीन तास बसावं लागतं. त्यात नॅक नाहीतर एनबीएच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या) फायली, सीओ-पीओ मॅपिंग (कुठल्या विषयातून काय साध्य होतं याचे तक्ते), मेंटॉर-मेंटी रजिस्टर. तू स्टेटस रिपोर्टला कंटाळला असशील तर ते इथेही आहेत, फक्त क्लायंट समिती आहे. आणि मे-जूनमध्ये ज्युनिअर कॉलेजांतून फिरून 'आमच्याकडे अ‍ॅडमिशन घ्या' सांगायचं, तेही प्राध्यापकानेच. मला त्याची लाज वाटायची. आता नाही वाटत, कारण त्यातली काही पोरं पुढे माझ्याच वर्गात येऊन बसली.

पीएच.डी. नसेल तर बढतीला अडतं, आणि ४३व्या वर्षी सुरू केलीस तर संपेपर्यंत मुलगी नोकरीला लागेल. एक आडवाट आहे. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं. उद्योगातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएच.डी. लागत नाही. मुदत जास्तीत जास्त चार वर्षं, म्हणजे कायमची जागा नव्हे. पण मुलीची बारावी होईपर्यंत हात मारून बघायला वाईट नाही. तुझं कॉलेज असं पद देतं का, विचार.

तुमच्याकडे नोटीस पिरिअड ९० दिवसांचा असेल तर जुलैत रुजू व्हायला एप्रिललाच राजीनामा जायला हवा. नेमणुकीचं पत्र हातात पडायच्या आधी तो देऊ नकोस, तोंडी शब्दावर तर अजिबात नाही.

आता दोन गोष्टी सांग. ऑफर लेटरवर वेतनश्रेणी लिहिलीय की नुसता आकडा? आणि नेमणूक विद्यापीठाच्या निवड समितीतून आहे की कॉलेजच्या पातळीवरची? हे इथे टाक, मग पुढचं बोलू.