विंडोज पुन्हा टाकण्याआधी रॅम तपासा

नव्या पीसीवर गेम सुरू केला की मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तरी त्यासाठी विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या नोंदवहीतली) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद फक्त मशीन नीट बंद न होता थांबलं एवढंच सांगतो, कारण नाही. त्याच्या आसपास 'WHEA-Logger'ची (विंडोजमधल्या हार्डवेअर-एररची) नोंद असेल तर हार्डवेअरवर संशय घ्या.

आधी बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करून बघा. ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) असतं, प्रत्येक मदरबोर्डाला झेपतंच असं नाही. रॅमच्या दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही एरर आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा. ग्राफिक्स कार्डाची पॉवर केबल पूर्ण आत बसली आहे ना, हेही बघाच.